चंद्रीचं इरजण

मी शेण फुकट दिलं, हे आधी सांगून ठेवते. गावात उलटंच बोलत्यात. म्हणत्यात, सारजाबाईनं कंपनीकडनं लई उकळलं. उकळलं, डोंबल! इरजणाचे पैशे कुणी घेतं का कधी?

कंपनी म्हंजी बटाट्याची. मंचरवरनं घोडेगावला जायला लागलं की डाव्या हाताला लांबलचक निळ्या पत्र्याचं शेड दिसतं, ती. तिथं बटाटं धुत्यात, सोलत्यात, चकत्या करून तळत्यात आन् पाकिटात भरून लांब लांब धाडत्यात. तिच्या मागल्या भिंतीला लागून माजं रान हाय. रान कसलं, खडकाचा तुकडा. डिंभ्याच्या धरणाचा कालवा आमच्या खालनं गेला. खालच्यांचे ऊस झाले, बंगले झाले. आमी कालव्याच्या वरल्या अंगाला, आमाला ते पाणी नुसतं बघायला. आमच्या मालकांनी हीर दोनदा खोल केली, खाली काळा पाषाण लागला. होळी झाली की हिरीचा तळ दिसतो. मंग मालकच गेले, तेव्हापासनं हिरीत कुणी उतरलं नाय.

पण कंपनीची मोरी माज्या रानात उघडायची. बटाटं धुतलेलं पाणी दिसरात भळाभळा यायचं. पांढरंफटक, कपड्याला घालायच्या खळीसारखं, वर फेस. वास असा की पावणा आला तर नाकाला रुमाल लावून च्या प्यायचा. पण गवताला त्या पाण्याचं काय वेड व्हतं कुणास ठावं! ह्या बांधापासनं त्या बांधापर्यंत माणूसभर उंच घास. ऐन वैशाखात सगळं शिवार करपलेलं आन् माजा येवढासा तुकडा हिरवागार. त्या घासावर माजी चंद्री पोसलेली.

चंद्री म्हंजी म्हैस. कपाळावर पांढरं चांदकं, म्हणून चंद्री. मालक गेले, पोरगा आदेश लगीन करून भोसरीला ऱ्हायला गेला, शेजारची घरं एकेक करून कुलपं लावून मंचरला गेली. वस्तीवर आवाज करणारी मी आन् चंद्री, दोघीच उरलो. सकाळी मी दार उघडलं की ती घशातल्या घशात बोलायची. मी म्हणायचे, "आले गं बाई, आले. जरा दम धर." लोक म्हणत्यात म्हातारी म्हशीशी बोलते. मंग कुणाशी बोलू? कुलपांशी?

गावाला कंपनीचं पाणी नको व्हतं. वासानं डोकं उठतं म्हणायचे. वर कंपनी बोअरनं इतकं पाणी ओढायची की आसपासच्या हिरी उतरल्या. ग्रामसभेत त्यावरनं भांडणं झाली. त्यांचं खोटं नव्हतं. पण माजं गवत बी खोटं नव्हतं ना!

मंग कंपनीनं भिंतीच्या आत मोठाल्या टाक्या बांधल्या. आन् थंडी सरता सरता एक दिस सकाळी एक पोरगेला माणूस निळा ड्रम घेऊन माज्या गोठ्यात उभा राह्यला. बारीक अंगाचा, कंपनीचं जाकीट घातलेलं.

"मावशी, मी जावेद. जुन्नरचा. नव्या टाक्या माझ्याकडं आहेत. शेण मिळंल का? ताजं पायजे."

"कशाला रं? कंपनी सारवायला काढली का काय?"

तो हसला. हसताना तोंडावर हात धरायची सवय त्याला. म्हणला, "टाकीत जीव धरायचाय, मावशी. शेणात बारीक जंतू असतात. ते टाकीत वाढवायचे. बटाट्याच्या पाण्यातली घाण ते खातात. वरून त्यांना गूळ पण घालतो आम्ही."

"म्हंजी इरजण लावतोस, असं म्हण की."

"बरोबर! इरजणच."

"आन् मंग त्या पाण्याचं काय व्हतं?"

"साफ होतं न् परत येतं."

परत येतं. बास, मी तेवढंच ऐकलं. पाणी आजवर कुणाकडं येत व्हतं? माज्याकडं. मंग परत येणार म्हंजी कुणाकडं येणार? माज्याच चारीत येणार, आन् ते बी साफ होऊन! वास जाणार, गावाची बोलणी थांबणार. मी तर मनातल्या मनात चारीकडंला कोथमिरीचा वाफा बी घातला. अजून इचारायला तोंड नव्हतं का मला? पण इचारलं नाय. जे ऐकायचं व्हतं ते ऐकलं, मंग कोण कशाला इचारतंय!

ड्रम मी माज्या हातानं भरून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कंपनीचा सायेब आला आन् खिशात हात घालाय लागला. मी म्हणले, "सायेब, ऱ्हाऊ द्या. आमच्यात इरजणाचे पैशे घेत नाय. दिवा लागल्यावर इरजण देत नाय, आन् दिसाउजेडी मागाय आलेल्याला मोकळं धाडत नाय. आज मी दिलं, उद्या माजं नासलं तर तुमच्याकडनं वाटीभर नेईन. झालं!"

सायेबाला ते लई आवडलं. त्यानं मोबाइलवर माजा न् चंद्रीचा फोटू काढला.

मंग जावेद रोज सकाळी यायचा. मी शेण उचलून घमेल्यात टाकायची, तो घमेलं ड्रममधी रिकामं करायचा. पयल्यांदा लांबून लांबून धरायचा, मंग त्याचे बी हात कोपरापर्यंत भरायला लागले. मी च्या ठेवायची. चुलीपुढं बसून तो त्याच्या आईचं सांगायचा. अनवरी तिचं नाव. जुन्नरला एकटीच ऱ्हाती, पोराच्या खोलीवर मंचरला यायला तयार नाय, म्हणती तिथं मला कोण वळखतं. मला ती बाई न बघताच आवडली.

मी त्याला टाकीचं इचारायची, शेजारणीच्या बाळंतपणाचं इचारावं तसं. "कशी हाय रं टाकी?"

"फेस कमी झाला आज."

आन् एक दिवस घाईघाईनं आला. "मावशी, रंग आला! मस्त चॉकलेटी झालीय. धरली!"

मी गोठ्यात जाऊन चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. म्हणले, "घ्या! तुमचं शेण कंपनीत नोकरीला लागलं."

पाडवा झाला असंल. सकाळी उठले तर कायतरी चुकल्यासारखं वाटाय लागलं. कळंना काय ते. चंद्री जागेवर, चूल जागेवर. मंग उमगलं, मोरीचा आवाज नाय. इतकी वर्षं त्या पाण्याचा खळखळाट कानात बसलेला, तो थांबला तर घर भुंडं वाटाय लागलं. मी जाऊन बघितलं. पाइपाच्या तोंडाला एक थेंब लोंबत व्हता, पडंना. तुंबलं असंल म्हणून मी काठी घातली आत. लांब काठी घेऊन आले, ती बी घातली. पाइप कोरडा, काठी कोरडी.

वाटेनं जावेद येताना दिसला. हातात ड्रम नव्हता. लांबूनच वरडला, "मावशी, झालं! सगळं पाणी आत फिरतंय. बटाट्याच्या पयल्या धुण्याला तेच, फरशीला तेच, संडासाला तेच. बोअर बंद केला आपण. बाहेर थेंब नाय!"

जवळ आला आन् माज्या हातातली काठी बघून थांबला.

"तू म्हणला व्हतास परत येतं," मी म्हणले.

"आलं ना परत. प्लांटमधी." येवढं बोलला आन् त्याचं तोंडच उतरलं. त्याला बी तेव्हाच कळलं, मी काय ऐकलं व्हतं ते. पायाकडं बघत उभा राह्यला. माजा राग त्याच्यावर निघंना, त्यानं लबाडी केली असती तर शिव्या तरी घातल्या असत्या. शब्द त्याचा बी खरा व्हता आन् माजा बी.

दुसऱ्या दिवशी लुगडं बदलून मी हंडा घेऊन कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमननं हंड्याकडं बघितलं. "आजी, शेण बंद झालं आता. लागलं की बोलवू."

"शेण नाय आणलं. पाणी न्यायला आले. माज्या इरजणाचं वाटीभर मागाय आले म्हणून सांग सायेबाला."

उन्हात उभं केलं मला. बटाट्याच्या गाड्या येत व्हत्या, दर गाडीला वॉचमन म्हणायचा, "आजी, बाजूला." मी बाजूला व्हायची, परत उभी ऱ्हायची. सायेब आला तेव्हा आदबीनं बोलला, खोटं कशाला सांगू. "आजी, पाणी वाचवायचंय आपल्याला. तुमच्या गावासाठीच केलंय हे. आता नियमच आहे, बाहेर एक थेंब सोडता येत नाही. मीटर आहे, कॅमेरा आहे. मला पण नाही सोडता येणार."

"माजी म्हैस हाय त्या पाण्यावर."

"हो हो, फोटो आहे ना आमच्याकडं. आत लावलाय." आन् त्यानं वॉचमनला सांगून माज्या हातात वेफरचं पाकीट दिलं. लहान पोराला वाटं लावायला देत्यात तसं. मी नको म्हणायच्या आत तो गेला सुदिक. पाकीट हंड्यात टाकून मी घरी आले. चंद्रीपुढं फोडलं. तिनं हुंगलं, फुर्र केलं आन् तोंड फिरवलं. मी म्हणले, "बरोबर हाय तुजं."

गावात कुणाला सांगणार? टँकरपाशी धोंडाबाई भेटली. माज्याच वयाची, गावातली एकच जिवाभावाची म्हणावी अशी. ती म्हणली, "बरं झालं बाई, वास गेला एकदाचा. आन् आमच्या हिरीला हातभर पाणी चढलं बघ." तिचा आनंद खरा व्हता. त्याच्यावर काय बोलू? ज्याच्या त्याच्या तोंडी बरं झालं, बरं झालं. दुष्काळ पडला तर सगळ्यांवर पडतो, माणूस एकमेकाच्या दारात बसून रडतं तरी. हा दुष्काळ माज्या एकटीवर पडला. भिंतीला भिंत लागून पाणी फिरतंय, कान दिला तर पंपाची घरघर ऐकू येती, आन् माज्या रानाला भेगा पडाय लागल्या.

घास आधी शेंड्याला पिवळा पडला. मी बुडख्यापासनं कापून कापून पुरवला. नंतर इळा जमिनीला लागून खडखड वाजाय लागला. म्हशीला पाणी काय वाटीभर लागतं? टँकरवरनं हंडे आणायची. गुडघा सुजून नारळायेवढा झाला. चंद्री हंड्यात तोंड घालायची, एका दमात खाली करायची आन् माज्याकडं बघायची. मी म्हणायची, "बघू नको तशी. मी काय नदी हाय का?" वरडायची आन् मंग माजी मलाच लाज वाटायची.

जावेद एकदा गोणी घेऊन आला. टाकीचा वाळलेला गाळ. "लई भारी खत आहे, मावशी."

"खत कशाला घालू? भेगांना?"

त्यानं गोणी गोठ्याच्या कुडाला टेकवली आन् बसला. च्या मी केला, कोरा. चंद्रीचं दूध आटलं व्हतं. त्यानं कपात बघितलं, पिऊन टाकला. त्यानंतर तो यायचा बंद झाला. लाजला असंल.

आदेशचा फोन आला. "आई, म्हैस देऊन टाक कुणाला तरी, न् ये इकडं."

"येते की. झोपू कुठं?"

तिकडं सुनंचा, वृषालीचा आवाज आला, मंग आदेश म्हणला, "बघू काय तरी." त्या 'बघू'त मला सगळं समजलं. वाईट नाय माजं पोरगं. खोली येवढीशी हाय, हे बी खरंच हाय.

शेवटी शिनोलीला माजी भाची रत्ना, तिच्याकडं चंद्री अर्धलीनं द्यायचं ठरलं. म्हंजी सांभाळायचं तिनं, जे रेडकू व्हईल त्यात अर्धा वाटा माजा. तिच्या रानात बारमाही पाणी. पिकप आला. चंद्री फळीवर पाय ठेवंना. ड्रायव्हर शेपूट पिरगाळाय गेला, मी त्याचा हात झटकला. मंग मीच आधी चढले, फळीवरनं, चार पायांवर, लुगड्याचा काचा धरून. वरनं म्हणले, "ये गं. हाय मी." तशी आली गपगुमान. फसवलं मी तिला. दुसरा शब्दच नाय त्याला.

जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं. रत्नाच्या दारात तिचं दावं चंद्रीच्या गळ्यात बांधलं, माजं सोडून घेतलं. यष्टीत मांडीवर दावं घेऊन बसले. कंडक्टर म्हणला, "आजी, जनावर कुठं राह्यलं?" तो गमतीत म्हणला. मी खिडकीकडं तोंड केलं.

घरी आल्यावर दावं खुटीला अडकवलं. सकाळी दार उघडलं आन् सवयीनं म्हणले, "आले गं बाई." म्हणून गेले आन् तिथंच उंबऱ्यावर बसले. कुणाकडं आले? गोठ्यात गोचिडी बी राह्यल्या नव्हत्या.

जेष्ठ लागला तरी पाऊस नव्हता. एक दिस तिन्हीसांजंला मी दिवा लावून टेकले आन् अंगणात ड्रम ठेवल्याचा आवाज झाला. जावेद. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मावशी, टाकी मेली."

"मेली म्हंजी?"

"दुरुस्तीला प्लांट बंद होता. कुणीतरी भांडी धुवायचं कडक औषध तसंच टाकीत सोडलं. सगळे जंतू गेले. पाणी काळं पडलंय, वास मारतंय. गोठ्यांवरून शेण आणलं, दोनदा आणलं. तिथल्या गायांना रोजची औषधं, जीवच धरत नाय. प्लांट चालू करायचाय, पाणी साफ झालं नाय तर सगळं माझ्यावर येणार." तो गोठ्याकडं बघत व्हता. "चंद्रीचं पयल्या दणक्यात धरलं होतं."

मी चिमणी उचलली आन् गोठ्यात नेऊन त्याला दाखवलं. रिकामी गव्हाण. खुटीला दावं.

त्यानं दाव्याला हात लावला. "कधी?"

"गवत सरलं तवा. शेण गवताचं व्हतं पोरा. गवत तुज्या पाण्याचं व्हतं. मला ठावं व्हतं, तुला बी आता कळलं."

त्यानं तोंडावर हात धरला. हसायला नव्हे. मला वाटलं व्हतं, अशी येळ आली तर माजा जीव गार व्हईल. कंपनी माज्या दारात येईल आन् मी म्हणीन, आता कसं! पण पुढं कंपनी कुठं व्हती? अनवरीचं पोर उभं व्हतं, ते बी उपाशी.

"दिवा लागलाय," मी म्हणले. "आता इरजण द्यायचं नसतं. भाकरी खा. सकाळी गाडी घेऊन ये. शिनोलीला जाऊ."

"तुम्ही सांगा नुसतं रत्नाताईंना फोन करून. तुम्हाला कशाला तरास?"

"मला ने," मी म्हणले. "फुकट देत नाय ह्या टायमाला. मला चंद्री दाखवून आण."

सकाळी कंपनीच्या पिकपमधी पुढं बसले. मागं रिकामा ड्रम दणादणा आपटत व्हता. शिनोलीला पोचलो तेव्हा चंद्री रत्नाच्या रानात कडवळाच्या हिरव्या चाऱ्यात उभी. अंग कसं तुकतुकीत, पाठीवर पाणी ओतलं तर घरंगळून पडंल असं. बरी दिसत व्हती. त्याचंच मला वाईट वाटलं, आन् वाईट वाटलं म्हणून स्वताचीच चीड आली.

"चंद्रे," मी म्हणले.

तिचे कान फिरले. मान वर झाली. घशातल्या घशात बोलली आन् दाव्याला ताण देत माज्याकडं आली. खरबरीत जिभेनं माजा हात चाटाय लागली, मनगटापर्यंत. मी म्हणले, "आले गं बाई, आले." मंग तिच्या चांदक्यावर कपाळ टेकवलं. रत्ना च्या ठेवायच्या निमतानं आत गेली. जावेद ड्रमचं झाकण काढत बसला, निघालेलं झाकण परत परत काढत.

शेण मीच भरलं. रत्ना खोरं देत व्हती, नको म्हणले. हातानं भरलं, कोपरापर्यंत. निघताना चंद्री दोन पावलं मागं आली, दावं संपलं तशी थांबली. मंग खाली मान घालून खायला लागली. पोट असतंच की बाबा जनावराला.

येताना ड्रम भरलेला, आपटत नव्हता. घोडेगाव मागं पडल्यावर जावेद म्हणला, "पाऊस झाला, गवत आलं की चंद्री परत येईल, मावशी."

"परत म्हंजी कुणाकडं, ते आधी सांग," मी म्हणले.

त्यानं गिअर टाकला.

माज्या वाटंला त्यानं मला उतरवलं. "येतो" म्हणला. "टाकी धरली की सांगाय येतो." मी मान हलवली. पिकप कंपनीच्या गेटातनं आत गेला, मागं ड्रम, आन् वॉचमननं गेट लावून घेतलं. चंद्री आत गेली न् मी बाहेर राह्यले, असं वाटलं.

घरी आले. हंड्यात पाणी व्हतं. शेण हातावर वाळून ताणाय लागलं व्हतं. भाकरी करायची म्हंजी हात धुवायला पायजे. मी तांब्या भरून घेतला, मोरीवर बसले, आन् हात नाकाशी नेले.

तांब्या तसाच ठेवला. त्या दिवशी मी भाकरी केली नाय.